गातूनची पातळी : पनामा कालव्यातला २०२३-२४चा दुष्काळ

नोव्हेंबर २०२३मध्ये पनामा कालव्यातून पलीकडे जाण्याचा एक नंबर लिलावात सुमारे ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेला. टोल त्यात धरलेला नाही, तो वेगळा भरायचा. एका जपानी कंपनीने गॅसवाहू जहाजासाठी ही रक्कम मोजली, कारण रांगेत थांबणं तिला त्याहून महाग पडत होतं. कालव्याची यंत्रं ठणठणीत होती, दरवाजे चालू होते, कामगार कामावर होते. कमी पडला होता तो पाऊस.

सुएझ कालवा दोन समुद्रांना सपाटीवर जोडतो, त्यामुळे त्याला पावसाशी देणंघेणं नाही. पनामाचं तसं नाही. इथे जहाज समुद्रातून सुमारे २६ मीटर वर चढवलं जातं, गातून नावाच्या एका गोड्या पाण्याच्या तलावावरून चालतं आणि पलीकडे तेवढंच खाली उतरवलं जातं. वर चढताना आणि खाली उतरताना लागणारं सगळं पाणी त्या तलावातून येतं आणि काम झालं की समुद्रात जातं. ते परत वर चढवणारा पंप कुठेही नाही. म्हणून मध्य अमेरिकेचा भूगोल समजून घ्यायचा असेल, तर त्या तलावाच्या पाण्याचा हिशेब मांडून सुरुवात करणं मला सगळ्यात योग्य वाटतं. व्यापार, शेती, शहरं आणि जुनी दुखणी सगळी त्याच हिशेबात येतात.

जमीन आणि पाऊस

पनामाची संयोगभूमी आडवी पडलेल्या इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली आहे. त्यामुळे कालवा पूर्व-पश्चिम नसून वायव्येकडून आग्नेयेकडे जातो, आणि अटलांटिककडचं तोंड पॅसिफिककडच्या तोंडाच्या पश्चिमेला येतं. लांबी सुमारे ८० किलोमीटर. डोंगरांचा कणा या ठिकाणी सगळ्यात ठेंगणा आहे आणि त्याच्या उत्तर उतारावरून चाग्रेस नदी कॅरिबियन समुद्राला मिळते. ही नदी पावसाळ्यात एका दिवसात काही मीटर चढते.

फ्रेंचांनी १८८१ ते १८८९ या काळात समुद्रसपाटीवरचा कालवा खणायचा प्रयत्न केला आणि तिथेच ते फसले. चाग्रेस प्रत्येक पावसाळ्यात खोदकामात शिरायची. कुलेब्राच्या डोंगरातली मऊ, चिकणमातीसारखी खडकं पाणी पिऊन पुन्हा पुन्हा घसरायची. पॅसिफिकची भरती-ओहोटी सहा मीटरपर्यंत आणि कॅरिबियनची जेमतेम अर्धा मीटर, हा फरकही सांभाळायचा होता. पिवळा ताप आणि मलेरियाने वीस हजारांहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. १९०४मध्ये काम हाती घेतलेल्या अमेरिकी अभियंत्यांनी नदीशी झगडायचं सोडून तिलाच अडवलं. गातूनला मातीचं धरण बांधलं, मागे सुमारे ४२५ चौरस किलोमीटरचा तलाव तयार झाला आणि १५ ऑगस्ट १९१४ला कालवा सुरू झाला. १९३५मध्ये चाग्रेसवरच वरच्या बाजूला मॅडन धरण झालं. त्यामागचा अलाहुएला तलाव म्हणजे गातूनची राखीव टाकी.

या दोन तलावांना पाणी देणारं पाणलोट क्षेत्र सुमारे ३,४०० चौरस किलोमीटरचं आहे. जगाच्या सागरी व्यापारातला इतका मोठा वाटा एवढ्याशा तुकड्यावर तोललेला असणं हेच या प्रकरणाचं मूळ आहे. कॅरिबियन बाजूला कोलोनला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पॅसिफिक बाजूच्या बाल्बोआला २,००० मिलिमीटरच्या आत. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत ईशान्य व्यापारी वारे जोर धरतात, पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि कोरडा हंगाम लागतो. मेमध्ये पाऊस परततो. सगळ्यात जोराचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. डिसेंबरच्या मध्याला तलाव जिथे असेल, तेवढ्यावर पुढचे साडेचार महिने काढायचे असतात. म्हणूनच कोरडा ऑक्टोबर इथे सगळ्यात घातक. मेमधली तूट भरून काढायला सहा महिने मिळतात, ऑक्टोबरमधलीला सहा आठवडे.

एल निन्योच्या वर्षी पूर्व पॅसिफिक तापतो, पावसाचा पट्टा जागचा हलतो आणि पनामाचा वाटा घटतो. १९९७-९८ आणि २०१५-१६मध्ये हेच झालं होतं.

एका जहाजाचं पाणी

जुन्या लॉकचा, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणाऱ्या जलपाशाचा, कप्पा ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद आहे. अटलांटिक बाजूला गातूनला तीन पायऱ्या, पॅसिफिक बाजूला पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन. म्हणजे एक पायरी साधारण नऊ मीटरची. ३०५ × ३३.५ × ९ केलं की ९२,००० घनमीटर येतात. चढताना तलावातून एक कप्पाभर पाणी निघतं आणि तेच तिन्ही पायऱ्या खाली सरकत समुद्रात जातं. उतरताना दुसऱ्या टोकाला आणखी एक कप्पाभर. दोन्ही मिळून दोन लाख घनमीटरच्या आत-बाहेर. कालव्याच्या कागदपत्रांत जो ‘पाच कोटी गॅलन’ हा आकडा येतो, तो हाच.

आता तलावाकडून पाहू. ४२५ चौरस किलोमीटरवर एक फूट पाणी म्हणजे सुमारे १३ कोटी घनमीटर. दिवसाला ३६ जहाजं गेली तर ७२ लाख घनमीटर संपतं. म्हणजे आवक शून्य धरली तर एक फूट पाणी अठरा दिवस पुरतं. त्यात बाष्पीभवन मिळवा : कोरड्या हंगामात रोज चार मिलिमीटर जरी उडालं, तरी १७ लाख घनमीटर होतं, म्हणजे आठ जहाजांचं पाणी रोज आकाशात. शिवाय पनामा सिटी आणि कोलोनचं पिण्याचं पाणीही याच दोन तलावांतून जातं. देशातली निम्म्याहून जास्त माणसं त्यावर अवलंबून आहेत.

२६ जून २०१६ला सुरू झालेल्या नव्या लॉकचे, आग्वा क्लारा आणि कोकोलीचे, कप्पे ४२७ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद आहेत. तरीही ते एका जहाजामागे जुन्यापेक्षा सात टक्के कमी पाणी घेतात, कारण प्रत्येक कप्प्याशेजारी पाणी वाचवणारे तीन हौद आहेत, एकाखाली एक अशा उंचीवर. कप्पा रिकामा करताना वरचा पाचवा हिस्सा सगळ्यात उंच हौदात जातो, त्याखालचा मधल्यात, तिसरा सगळ्यात खालच्यात. उरलेले दोन हिस्से पुढच्या कप्प्यात उतरतात. भरताना उलटा क्रम : आधी खालचा हौद, मग मधला, मग वरचा, आणि कमी पडणारे दोन हिस्से वरच्या कप्प्यातून. पाचातले तीन हिस्से परत वापरले, म्हणजे ६० टक्के बचत. सगळं गुरुत्वाकर्षणावर. ही रचना अतिशय देखणी आहे. पण तिची एक किंमत आहे, ती पुढे येईलच.

२०२३मध्ये काय झालं

पावसाळा उशिरा आणि अशक्त आला. जुलै-ऑगस्टमध्ये गातूनची पातळी समुद्रसपाटीपासून ८० फुटांच्या आसपास होती, त्या दिवसांत ती असायला हवी त्यापेक्षा कित्येक फूट खाली. मग ऑक्टोबर आला, आणि १९५०पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑक्टोबर नव्हता.

कालवा प्राधिकरणाकडे अशा वेळी दोन चाव्या असतात : प्रत्येक जहाज किती खोल बुडलेलं चालेल, आणि दिवसाला किती जहाजं सोडायची. पहिली चावी आधी फिरवली गेली. नव्या लॉकसाठी नेहमीचा कमाल ड्राफ्ट, म्हणजे जहाजाची पाण्याखालची खोली, ५० फूट. तो टप्प्याटप्प्याने उतरवत मेच्या अखेरीस ४४ फुटांवर आणला. तलाव उथळ झाला की तळाशी ठोकर बसू नये म्हणून हे करावं लागतं. याने लॉकमधलं पाणी मात्र जवळपास वाचत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. जहाज हलकं असो वा जड, कप्पा तेवढाच भरावा लागतो.

सहा फुटांचा अर्थ काय? ३६६ मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद कंटेनर जहाज घ्या. पाण्याच्या रेषेवरचं त्याचं क्षेत्रफळ साधारण १४,००० चौरस मीटर. एक फूट वर उचलायचं तर चार हजार टनांहून जास्त माल उतरवावा लागतो. वीस फुटी कंटेनरमागे बारा टन धरले तर साडेतीनशे कंटेनर. सहा फुटांचे दोन हजारांवर. त्यात गोड्या पाण्याचा भाग असतोच : कालव्याचा ड्राफ्ट गातूनच्या कोमट, गोड्या पाण्यात मोजतात आणि तिथे समुद्रापेक्षा जहाज फूटभर जास्त बुडतं. ह्यूस्टनच्या धक्क्यावर माल भरणाऱ्याने हा फूट आधीच वजा करायचा असतो. तो विसरला तर जहाज कालव्याच्या तोंडाशी अडतं आणि माल तिथे उतरवावा लागतो.

दुसरी चावी ३० जुलैला फिरली. रोजची ३६ जहाजं ३२वर आली : दहा नव्या लॉकमधून, बावीस जुन्या. ऑगस्टमध्ये दोन्ही तोंडांना मिळून १६०हून जास्त जहाजं थांबलेली होती. एरवी हा आकडा नव्वदच्या आसपास असतो. ऑक्टोबर संपताना आणखी कडक वेळापत्रक निघालं : नोव्हेंबरच्या सुरुवातीला २५, डिसेंबरमध्ये २२, आणि फेब्रुवारी २०२४पर्यंत १८. नोव्हेंबरात थोडा पाऊस झाला, बचतही कामी आली, आणि १८वर जायची वेळ टळली. १६ जानेवारीपासून २४ जहाजं सुरू झाली. २०२४च्या पावसाळ्यात ड्राफ्ट ५० फुटांवर परतला आणि संख्या पुन्हा पस्तीस-छत्तीसवर गेली.

मधल्या काळातली बचत कशी झाली, हे या सगळ्या प्रकरणातलं शिकण्यासारखं काम. जुन्या लॉकमध्ये दोन रांगा शेजारी-शेजारी आहेत. एका रांगेतला कप्पा रिकामा होत असताना त्याचं पाणी समुद्राकडे न सोडता शेजारच्या रिकाम्या कप्प्यात वळवायचं. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की प्रवाह थांबतो, म्हणून बचत फार तर निम्मी. प्राधिकरणाच्या हिशेबाने यातून रोज सहा जहाजांचं पाणी वाचलं. अडचण वेळेची : दोन्ही रांगांतली जहाजं नेमक्या उलट टप्प्यावर हवीत. एकाला उशीर झाला की दुसरं खोळंबतं, आणि दिवसाची क्षमता घटते. जहाजं आधीच कमी सोडली जात होती म्हणून ही उसंत मिळाली. गर्दीच्या दिवसांत हा उपाय तितका चालत नाही. दोन लहान जहाजं एकाच कप्प्यात मागे-पुढे घालणं हा दुसरा उपाय, गातूनची जलविद्युत निर्मिती थांबवणं हा तिसरा.

हवामान बदलाकडे बोट दाखवण्याची घाई इथे करू नये. हवामानाच्या टोकाच्या घटनांचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन या गटाने २०२४मध्ये तपासणी केली, तेव्हा २०२३च्या तुटीचं मुख्य कारण एल निन्यो असल्याचं त्यांना आढळलं. हवामान बदलाचा ठसा स्पष्ट दिसला नाही. वाढली आहे ती मागणी : मोठे लॉक, वाढती शहरं. आणि याच पाणलोटात ८ डिसेंबर २०१०ला पाणी इतकं झालं की कालवा सतरा तास बंद ठेवून सांडवे उघडावे लागले. साठवायला जागा कमी असली की पूर आणि दुष्काळ दोन्ही झोंबतात.

रांगेत कोण राहिलं

कालव्याचे बहुतेक नंबर आगाऊ आरक्षित होतात. कंटेनर कंपन्यांचं वेळापत्रक वर्षभर आधी ठरतं, त्यामुळे त्यांना नंबर मिळत राहिले. धान्याची आणि कोळशाची बल्क जहाजं मात्र मागणी येईल तशी भाड्याने घेतली जातात. ती अमुक तारखेला कालव्याच्या तोंडाशी येतील हे महिनाभर आधीही सांगता येत नाही. मिसिसिपीच्या मुखाकडून आशियाला निघालेलं मका-सोयाबीन त्यामुळे सगळ्यात आधी बाहेर पडलं. काही जहाजं सुएझकडे वळली, आणि नोव्हेंबर-डिसेंबर २०२३मध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर तीही वाट धोक्याची झाली. मग उरला आफ्रिकेचा वळसा. एका मोठ्या कंटेनर कंपनीने आपल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मार्गावरची जहाजं जानेवारी २०२४पासून कालव्यातून नेणंच थांबवलं. माल पॅसिफिकच्या धक्क्यावर उतरवून १८५५ पासूनच्या रेल्वेमार्गाने पलीकडे न्यायचा आणि दुसऱ्या जहाजावर चढवायचा.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं दुखणं वेगळं. इक्वाडोर, पेरू आणि चिलीच्या मालाला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जायला मॅगेलनच्या सामुद्रधुनीचा लांबलचक फेरा सोडला तर दुसरी समुद्री वाट नाही. या देशांच्या व्यापारात कालव्याचा वाटा मोठा आहे, पण बोली लावायची ताकद आशियाई गॅस खरेदीदारांएवढी नाही.

पनामाच्या तिजोरीवर मात्र ओरखडा फारसा उमटला नाही. सप्टेंबर २०२४ला संपलेल्या आर्थिक वर्षात जहाजांची संख्या १४ हजारांवरून ११ हजारांच्या आसपास उतरली, तरी उत्पन्न सुमारे ५ अब्ज डॉलरवर टिकलं. लिलाव, आरक्षण शुल्क आणि २०२०पासून लागू असलेला गोड्या पाण्याचा अधिभार यांनी तूट भरून काढली. माझ्या मते यात धोका आहे. टंचाईतही पैसा येत राहिला की पाण्याचा दीर्घकाळचा प्रश्न कुणाच्या अंगावर येतो हे वरून दिसेनासं होतं.

खारं पाणी

आता हौदांची ती किंमत. जहाज समुद्रातून लॉकमध्ये शिरताना सोबत खारं पाणी आणतं. नवे कप्पे मोठे आहेत आणि पाणी परत वापरतात. हौदातलं पाणी प्रत्येक फेरीत थोडं अधिक खारट होत वरच्या पायरीकडे सरकतं आणि गातूनमध्ये मिसळतं. हौद बंद ठेवून दर वेळी तलावातलं ताजं पाणी सोडलं तर मीठ धुऊन जातं, पण पाणी जास्त खर्ची पडतं. दुष्काळात नेमकं तेच परवडत नाही. पाणी वाचवा तर क्षार चढतात, क्षार उतरवा तर पातळी घसरते. पिण्याच्या पाण्याचे उपसे याच तलावात असल्यामुळे हा निर्णय केवळ जहाजांपुरता राहत नाही. अलाहुएला वर असल्याने तिथून पाणी घेणाऱ्या शहराला क्षारांची भीती नाही. भीती आहे ती गातूनच्या काठावरून पाणी घेणाऱ्यांना.

जंगलाचाही यात भाग आहे. या पाणलोटात चाललेल्या आग्वा सालूद प्रकल्पाच्या मोजणीत कुरणापेक्षा जंगलाखालच्या ओढ्यांतून कोरड्या हंगामात जास्त पाणी आलं. झाडाखालची माती मोकळी असते, मुसळधार पाऊस वाहून न जाता मुरतो आणि सावकाश बाहेर पडतो. झाडं एकूण पाणी वाढवत नाहीत, ते पुढे ढकलतात. इथे तेवढंच हवं असतं.

रिओ इंदिओ

साठवण वाढवायची तर जागा कुठे? पूर्वेला बायानोचा तलाव आहे, पण तो दूर आहे, वीजनिर्मितीसाठी बांधलेला आहे, आणि १९७०च्या दशकात त्यासाठी गुना आणि एंबेरा समाजाची गावं उठवली गेली. ती जखम अजून ओली आहे. गातूनमधली वाट आणखी खोल करता येते. त्याने कमी पातळीवरही जहाजं चालतात, पाणी मात्र वाढत नाही. म्हणून प्राधिकरणाचा डोळा पश्चिमेच्या रिओ इंदिओ नदीवर आहे. ही नदी कालव्याच्या पाणलोटाबाहेरून थेट कॅरिबियनला मिळते. तिच्यावर धरण, मागे सुमारे ४,६०० हेक्टरचा जलाशय, आणि तिथून बोगद्याने गातूनमध्ये पाणी. खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलर, त्यातले ४० कोटी लोकांच्या पुनर्वसनासाठी. जहाजांचे दिवसाला दहा-बारा जादा नंबर यातून निघतील असा प्राधिकरणाचा हिशेब आहे.

खोऱ्यातली माणसं कोलोन, कोक्ले आणि पश्चिम पनामा या तीन प्रांतांच्या सीमेवर राहतात : भात, कसावा, केळी, कॉफी, थोडी गुरं, आणि वाहतुकीला नदीच. सुमारे दोन हजार जणांना उठावं लागेल. विरोध जुना आहे. १९९९च्या एका कायद्याने हे खोरं कालव्याच्या पाणलोटात घातलं, तेव्हा शेतकऱ्यांनी धरणविरोधी संघटना बांधली. २००६मध्ये रुंदीकरणाच्या सार्वमताआधी तो कायदा मागे घेतला गेला. २ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने मागे घेणारा कायदाच घटनाबाह्य ठरवला आणि खोरं पुन्हा कालव्याच्या हद्दीत आलं. जानेवारी २०२५मध्ये प्राधिकरणाच्या संचालक मंडळाने प्रकल्पाला मंजुरी दिली.

या लोकांचा अविश्वास हट्टातून आलेला नाही. १९१२च्या अमेरिकी आदेशाने, तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या कालवा पट्ट्यातली गावं रिकामी केली गेली. गोर्गोनासारखी चाग्रेसकाठची भरभराटीची गावं नकाशावरून गेली. कालवा बांधणारे मजूर मोठ्या संख्येने बार्बाडोस आणि जमैकाहून आले. त्यांना ‘चांदी’च्या यादीत कमी पगार आणि वेगळी वस्ती, तर गोऱ्या अमेरिकनांना ‘सोन्या’ची यादी. या मजुरांची नातवंडं-पतवंडं आज कोलोनमध्ये राहतात. कालव्याच्या उत्तर तोंडावरचं हे शहर, शेजारी १९४८पासूनचं मुक्त व्यापार क्षेत्र, आणि तरी बेरोजगारी हाच तिथला नेहमीचा विषय. १९७७च्या करारानंतर ३१ डिसेंबर १९९९ला कालवा पनामाच्या हाती आला, तेव्हा त्याचा फायदा सगळ्या देशाला मिळेल हे वचन होतं. २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दुष्काळ ऐन भरात असताना, देशभर लोक रस्त्यावर होते ते तांब्याच्या एका मोठ्या खाणीच्या करारावरून. ती खाण याच कॅरिबियन उतारावर, दोनोसो भागात. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबरला तो करार रद्दबातल ठरवला. जमीन आणि पाणी यांचा सौदा वरच्यावर होऊ द्यायचा नाही, ही भावना खोऱ्यात तेव्हापासून आणखी घट्ट झाली.

प्रत्यक्षात अडणार आहे ते मोजणीत. खोऱ्यात अनेकांकडे पिढ्यांपासून कब्जा आहे, पण नोंदणीकृत मालकी नाही. भरपाई फक्त कागदावरच्या एकरांची दिली तर परसातली फळझाडं, सामाईक कुरण आणि नदीवरची ये-जा हिशेबाबाहेर राहते. धरणाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचं पाणी घटेल, ते विस्थापितांच्या यादीतच येत नाहीत. बांधकाम २०२७मध्ये सुरू करून २०३१-३२पर्यंत संपवायचं नियोजन आहे. तोवर एखादा एल निन्यो आलाच, तर हाताशी असणार आहेत त्या जुन्याच दोन चाव्या, शेजारच्या कप्प्यात पाणी वळवणं, आणि ऑक्टोबरचा पाऊस.